घरातील पाण्याची वाट

स्वयंपाकघरात कोणता डबा कोठे आहे, हे गृहिणी अंधारातही सांगू शकते. परंतु घरात येणारे पाणी कोणत्या वाटेने येते आणि ते कोठे बंद करता येते, असे विचारले तर बहुतेक घरांत मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. आम्हीही त्यांतलेच होतो.

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात, मध्यरात्री, आमच्या इंदूरच्या घरी हात धुण्याच्या बेसिनखालची नळी निसटली. गच्चीवरील हजार लिटरची टाकी अर्ध्या घरात रिती होऊ लागली. मुख्य व्हॉल्व कोठे आहे, हे ठाऊक होते एकट्या वडिलांना. आणि ते जाऊन चार वर्षे झाली होती. आम्ही बादल्या घेऊन धावत राहिलो. पहाटे पाणी आपोआप थांबले, ते टाकीच संपली म्हणून! पलंगाखालच्या पेटीत वडिलांच्या रोजनिश्या होत्या. तिघींची शाई धुऊन गेली. त्यांत १९७८ सालचीही होती. सकाळी कारागिराने व्हॉल्व शोधून काढला. गच्चीवर तुळशीच्या कुंड्यांमागे तो होता, आणि गंजून घट्ट बसला होता.

त्याच १९७८ साली नर्मदेचे पाणी इंदुरास आले. मंडलेश्वरजवळील जलूद येथून सुमारे सत्तर किलोमीटर, विंध्याचा चढ पंपांनी चढून ते येते. एवढा प्रवास करून उंबरठ्याशी आलेल्या पाण्याची घरातील शेवटची चार पावले आपल्याला माहीत नसावीत, ही लाजिरवाणी गोष्ट नव्हे काय?

म्हणून पहिले काम हे की, सर्व कुटुंबाने एकदा पाण्याबरोबर चालावे. रस्त्यावरून येणारी जोडणी, खालची टाकी, पंप, गच्चीची टाकी, तेथून उतरणारे नळ, अशी ही वाट. प्रत्येक व्हॉल्ववर चिठ्ठी बांधावी आणि महिन्यातून एकदा तो बंद करून उघडावा. न फिरवलेला व्हॉल्व गरजेच्या वेळी फिरत नाही. पूर्ण उघडल्यावर फिरकी किंचित मागे घ्यावी, म्हणजे तो अडकून बसत नाही.

दुसरे, ठिबकणारी तोटी. तिच्याखाली लिटरभराचे भांडे ठेवून पाहा. तासाभरात ते भरले, तर दिवसाला २४ आणि महिन्याला ७२० लिटर पाणी मोरीत गेले. जुन्या पद्धतीच्या तोटीत दोष बहुधा रबरी वायसरचा असतो. व्हॉल्व बंद करावा, तोटी उघडून उरलेले पाणी काढून टाकावे, पान्याने वरचा भाग सैल करून त्याच मापाचा नवा वायसर बसवावा. तोटी जोर लावून आवळण्याची सवय मात्र सोडावी; वायसर झिजतो तो त्यानेच. नव्या अर्ध्या फिरकीच्या तोट्यांत वायसर नसतो; त्यांचा आतला भाग सबंध बदलावा लागतो.

शौचालयाची टाकी गुपचूप गळते. तिच्यात थोडी नीळ टाकावी आणि पाणी न सोडता पंधरा मिनिटांनी भांड्यात पाहावे. निळसर छटा दिसली, तर आतील रबर बदलण्याची वेळ झाली.

मोरीला दुर्गंधी येत असेल, तर औषधे ओतण्यापूर्वी जाळीखाली पाहावे. तेथील वळणात साधारण दोन इंच पाणी साठून राहते आणि तेच गटारातील वायू अडवते. महिनाभर गावी जाऊन आल्यावर ते सुकलेले असते. तांब्याभर पाणी ओतले की वास थांबतो. पाणी लवकर जात नाही म्हणून काही जण तेथील वाटी काढून फेकतात. असे करणे म्हणजे गटाराला घरात बोलावणे होय.

शेवटी एक कळकळीची विनंती. रस्त्याच्या नळाला थेट पंप लावू नये. पाण्याचा दाब कमी असताना पंपाची ओढ फुटक्या सांध्यांतून भोवतालचे घाण पाणीही आत खेचते, आणि ते आपल्याबरोबर शेजाऱ्यांच्याही पोटात जाते. नळाचे पाणी आधी खालच्या टाकीत पडू द्यावे आणि तेथून वर चढवावे. बोरिंगचे पाणी व नळाचे पाणी यांच्या वाटाही एकमेकींस जोडू नयेत.

भिंतीतील नळ, गीझर आणि त्याची विजेची जोडणी यांना हात न लावता जाणत्या कारागिरासच बोलवावे. तो काम करीत असता मात्र जवळ उभे राहून पाहावे आणि मुलांनाही दाखवावे.

आमच्या घरी आता कपाटाच्या दाराला आतून एक नकाशा चिकटवला आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कन्या गच्चीवर जाऊन व्हॉल्व फिरवून येते. कुंड्या आम्ही दुसरीकडे हलविल्या आहेत. रोजनिश्यांची कोरी पाने परत भरता येणार नाहीत. परंतु घराची माहिती एकाच माणसाजवळ राहू नये, एवढे आम्ही त्या पानांकडून शिकलो.