गाडीची बॅटरी बदलताना आधी डोळे सांभाळा

गणपतीला किंवा दिवाळीला आठ-दहा दिवस गावी जाऊन परत यावे, किल्ली फिरवावी आणि गाडीने नुसते ‘टक्’ करून गप्प बसावे, हा अनुभव बहुतेक गाडीमालकांना कधी ना कधी येतोच. आपल्याकडच्या उष्ण हवेत मोटारीची बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षे टिकते. पूर्वी ती बदलायची तर गॅरेजवाल्याला बोलवावे लागे. आता नवी बॅटरी घरपोच येते, ती कशी बसवायची हे मोबाइलवर पाहायला मिळते आणि दोन पाने हाताशी असले की अनेक जण सोसायटीच्या पार्किंगमध्येच हे काम उरकतात. काम अवघड नाही, अर्ध्या तासात होते. मात्र ते करताना माणसे ज्या गोष्टीला घाबरतात तिच्यामुळे सहसा इजा होत नाही आणि ज्या गोष्टींमुळे इजा होते त्यांच्याकडे फारसे कुणाचे लक्ष नसते.

शॉक बसत नाही, पण अंगठी तापते

पहिली भीती असते ती शॉकची. घरातील विजेचा दाब २३० व्होल्ट असतो, मोटारीच्या बॅटरीचा फक्त १२ व्होल्ट. कोरडी त्वचा विजेला इतका विरोध करते की १२ व्होल्टच्या दाबाने शरीरातून जाणारा प्रवाह बहुधा जाणवतही नाही. त्यामुळे दोन्ही टर्मिनलना चुकून हात लागला तरी घरातल्या बोर्डाला लागतो तसा झटका बसत नाही.

धातूची गोष्ट वेगळी. इंजिन फिरवण्यासाठी स्टार्टरला क्षणभर शेकडो अँपिअरचा प्रवाह लागतो आणि बॅटरी तेवढा प्रवाह देण्यासाठीच बनवलेली असते. पान्याचे एक टोक पॉझिटिव्ह टर्मिनलवर आणि दुसरे गाडीच्या पत्र्यावर टेकले, तर हाच प्रवाह पान्यातून धावतो. ठिणग्या उडतात आणि पाना क्षणात चटका देण्याइतका तापतो. त्यात हातातील अंगठी पान्याच्या आणि पत्र्याच्या मध्ये सापडली, तर ती बोटातच तापते. सोने आणि चांदी हे तर विजेचे उत्तम वाहक. अंगठी चटकन काढताही येत नाही. अशा वेळी बोट चारही बाजूंनी, गोलाकार भाजते. जखम खोल असते, सूज आल्यावर बोटाच्या टोकाकडे जाणारे रक्त अडू शकते आणि कधी कधी त्वचारोपण करावे लागते. म्हणून बॉनेट उघडण्यापूर्वी अंगठी, कडे, बांगड्या आणि धातूच्या पट्ट्याचे घड्याळ काढून ठेवावे. वाकल्यावर लोंबणारी गळ्यातील साखळी किंवा मंगळसूत्रही काढून ठेवावे.

‘बॅटरीचे पाणी’ हे पाणी नव्हे

शिसे आणि अ‍ॅसिड यांची बॅटरी फ्रान्समधील गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये तयार केली. दीडशेहून अधिक वर्षांनंतरही मोटारीतील बॅटरीचे मूळ तत्त्व तेच आहे. सहा कप्पे, प्रत्येकात शिशाच्या पट्ट्या आणि प्रत्येक कप्प्याचे साधारण दोन व्होल्ट. या पट्ट्या ज्या द्रवात बुडालेल्या असतात त्याला बोलीभाषेत ‘बॅटरीचे पाणी’ म्हणतात. हा शब्द फसवा आहे. वरून घालतात ते डिस्टिल्ड वॉटर असते हे खरे, पण आतील द्रवाचा वजनाने सुमारे एक तृतीयांश भाग सल्फ्युरिक अ‍ॅसिडचा असतो. ‘मेंटेनन्स फ्री’ बॅटरीतही ते असतेच. तिच्यात पाणी घालावे लागत नाही, एवढाच फरक.

हे अ‍ॅसिड हातावर उडाले आणि लगेच धुतले, तर सहसा थोडी आग होऊन भागते. डोळ्याचे तसे नाही. बुबुळावरचा पारदर्शक पडदा मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. तो पारदर्शक आहे म्हणूनच दिसते. अ‍ॅसिडने तो भाजला आणि व्रण राहिला, तर काचेवर ओरखडा पडावा तशी नजर अधू होते.

दुसरा धोका अदृश्य आहे. बॅटरी चार्ज होत असताना, विशेषतः जास्त चार्ज होत असताना, तिच्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन हे वायू तयार होतात. हायड्रोजनला रंग नाही, वास नाही. हवेत त्याचे प्रमाण ४ ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान असले की तो पेट घेऊ शकतो आणि त्यासाठी एक लहानशी ठिणगी पुरते. तसा स्फोट झाला तर बॅटरीच्या खोक्याच्या चिरफळ्या आणि अ‍ॅसिड वर उडते, म्हणजे नेमके वाकून काम करणाऱ्याच्या चेहऱ्यावर. म्हणून सिगारेट नको, काडी ओढून आत पाहणे नको आणि नव्या बॅटरीला ओवाळायचे असेल तर उदबत्ती-कापूर बॉनेटपासून दूरच. उजेडाला मोबाइलचा टॉर्च पुरतो. बॅटरी नुकतीच चार्जरवरून काढली असेल, तर बॉनेट उघडे ठेवून थोडा वेळ जाऊ द्यावा. कुजक्या अंड्यासारखा वास येत असेल, खोके फुगले असेल किंवा त्याला तडा गेला असेल, तर त्या बॅटरीला हात न लावता जाणकाराला बोलवावे.

या दोन्ही धोक्यांवर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे डोळ्यांचा चष्मा. वाचायचा नव्हे, तर हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा, बाजूंनीही झाकणारा सुरक्षा चष्मा. सोबत रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचे जुने कपडे आणि बंद बूट. आणखी एक गोष्ट काम सुरू करण्यापूर्वीच हवी, ती म्हणजे जवळ चालू नळ किंवा भरलेली बादली आणि तांब्या.

निगेटिव्ह आधी काढायचे, शेवटी लावायचे

गाडी मोकळ्या, हवेशीर जागी सपाट जमिनीवर उभी करावी, हँडब्रेक लावावा, इंजिन आणि दिवे बंद करून किल्ली खिशात ठेवावी. गाडी नुकतीच चालवली असेल तर इंजिन निवू द्यावे. लहान मुलांना तेथे फिरकू देऊ नये. काम सुरू करण्याआधी जुन्या जोडणीचा मोबाइलवर फोटो काढावा. कोणती वायर कुठे होती, हा वाद नंतर उरत नाही.

आता क्रम. उणे चिन्हाचे, म्हणजे निगेटिव्ह टर्मिनल आधी सोडवावे आणि ती वायर बाजूला कापडात गुंडाळून ठेवावी. मग पॉझिटिव्ह. हा क्रम नुसता पाठ करण्यापेक्षा त्यामागचे कारण समजून घेतले तर कधीच विसरत नाही. आजच्या जवळपास सर्व गाड्यांत निगेटिव्ह वायर गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते, म्हणजे अख्खी गाडीच निगेटिव्ह. निगेटिव्ह सोडवताना पाना पत्र्याला लागला तर काहीच होत नाही, कारण दोन्ही एकच आहेत. एकदा ती वायर सुटली की पत्र्याचा बॅटरीशी संबंध तुटतो आणि मग पॉझिटिव्ह सोडवताना पाना कुठे लागला तरी ठिणगी पडत नाही. उलट केले, पॉझिटिव्ह आधी सोडवायला घेतले, तर पाना पत्र्याला लागताच वर सांगितलेला प्रकार घडू शकतो. नवी बॅटरी बसवताना याच कारणाने क्रम उलटा होतो. पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह सर्वांत शेवटी.

टर्मिनलवर साचलेली पांढरी-निळसर पूड उघड्या हाताने खरवडू नये, फुंकर मारून तर मुळीच उडवू नये. पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने वायरींची टोके पुसावीत आणि कोरडी करावीत. हे पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाता कामा नये.

मग बॅटरी धरून ठेवणारी पट्टी सोडवून बॅटरी उचलायची. लहान गाडीची बॅटरीही दहा किलोच्या आसपास भरते, मोठ्या डिझेल गाडीची वीसपर्यंत जाते. आकार लहान असल्याने हा अंदाज चुकतो. शिवाय बॉनेटमध्ये वाकून, हात लांब करून उचलताना कंबरेवर येणारा ताण जमिनीवरून तेवढेच वजन उचलण्यापेक्षा जास्त असतो. शक्य तितके जवळ उभे राहावे, बॅटरी अंगाजवळ आणि सरळ धरावी, उचलताना कंबरेत पिळू नये. ज्यांना मणक्याचा त्रास आहे, हर्नियाची किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे किंवा हृदयविकार आहे, त्यांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावे. नवी बॅटरी ठेवल्यावर धरपट्टी घट्ट आवळायलाच हवी. सैल बॅटरी खड्ड्यांतून उडून तिचे टर्मिनल पत्र्याला टेकू शकते.

डोळ्यात अ‍ॅसिड गेले तर

अशा वेळी डॉक्टरकडे धावण्याआधी पाणी. नळाचे साधे, स्वच्छ पाणी. ज्या डोळ्यात अ‍ॅसिड गेले तो डोळा खालच्या बाजूला येईल असे डोके कलते करावे, म्हणजे धुतलेले पाणी दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. वेदनेने पापण्या गच्च मिटतात, त्या दुसऱ्या माणसाने बोटांनी उघडून धराव्यात आणि तांब्याने हलकी धार सोडत राहावी. डोळा वर, खाली, बाजूंना फिरवावा. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर धुता धुता काढावी. हे दोन-चार मिनिटे नव्हे, तर घड्याळ लावून किमान वीस मिनिटे करायचे. आग थांबली म्हणून मध्येच थांबू नये.

दूध, मध, गुलाबपाणी, तूप यांतले काहीही डोळ्यात घालू नये. अ‍ॅसिडवर उतारा म्हणून सोड्याचे पाणीही डोळ्यात घालू नये. डोळा चोळू नये. धुऊन झाल्यावर, बरे वाटत असले तरी, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात जावे. तेथे कागदी पट्टीने डोळ्यातील अ‍ॅसिडचे प्रमाण तपासतात आणि गरज असेल तर पुन्हा धुतात. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे, पण ती येईपर्यंत पाण्याची धार चालूच ठेवावी. नजर वाचण्याच्या दृष्टीने पहिली काही मिनिटे सर्वांत मोलाची असतात आणि ती घरच्या नळापाशीच असतात.

जुनी बॅटरी घरात ठेवू नये

बॅटरीच्या वजनातील निम्म्याहून अधिक वाटा शिशाचा असतो. लहान मुलांच्या शरीरात गेलेल्या शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठी माणसे जेवढा भाग शोषून घेतात, त्याच्या चार-पाच पट लहान मुले शोषतात. परिणाम होतो तो वाढत्या मेंदूवर. सेनेगलची राजधानी डकारजवळच्या थियारॉय-सूर-मेर या वस्तीत जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे काढले जाई. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात तेथील १८ मुले दगावली. त्यांच्या भावंडांच्या आणि आयांच्या रक्तात शिशाचे प्रमाण धोकादायक आढळले.

म्हणून जुनी बॅटरी बाल्कनीत किंवा जिन्याखाली ठेवू नये, फोडू नये, गल्लीतल्या भंगारवाल्याला देऊ नये. नवी बॅटरी विकणारा दुकानदार जुनी परत घेऊन तिचे पैसे किमतीतून वजा करतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवरच आहे. काम संपल्यावर हातमोजे काढून हात साबणाने धुवावेत आणि मगच चहाला बसावे. त्या दिवसाचे कपडे वेगळे धुवावेत.

काही गाड्यांच्या बाबतीत मात्र हे काम घरी करूच नये. हायब्रिड आणि विद्युत गाड्यांत १२ व्होल्टच्या बॅटरीखेरीज शेकडो व्होल्टची मोठी बॅटरीही असते. तिच्या जाड वायरी नारिंगी रंगाच्या असतात. त्यांचा शॉक जीवघेणा ठरू शकतो. सिग्नलला आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होणाऱ्या गाड्यांना वेगळ्या प्रकारची बॅटरी लागते आणि काही गाड्यांत ती बदलल्याची नोंद गाडीच्या संगणकात करावी लागते. अशा गाडीसाठी सेवा केंद्रच बरे. साधी गाडी असेल, जागा हवेशीर असेल आणि पाठ धड असेल, तर हे काम घरी जरूर करावे. फक्त पाना हातात घेण्याआधी अंगठी काढावी, चष्मा लावावा आणि शेजारी पाण्याची बादली भरून ठेवावी.