गावकुसाबाहेरच्या लहरी

१ ऑक्टोबर २०२२ ला देशात ५जी सुरू झाले. पहिल्या शहरांत नागपूर होते. भामरागडच्या वाटेवर मी मात्र फोनसाठी टेकडी शोधत होतो. असे का? कंपन्यांची चढाओढ गिऱ्हाईक दाट तिथेच चालते. वेगवान सेवेच्या उच्च कंपनसंख्येच्या लहरी थोड्या अंतरातच क्षीण होतात, झाडीत अधिकच. टॉवर जास्त लागतात. विरळ वस्तीत खर्च निघत नाही. म्हणून हे काम शासनाचे ठरते. नक्षलग्रस्त भागांतले २,३४३ टॉवर २जीवरून ४जीवर नेण्यास केंद्राने मंजुरी दिली, तीही एप्रिल २०२२ मध्ये. जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीची हजेरी मात्र मोबाईलवर सक्तीची झाली. लहर नाही, तर हजेरी नाही. हजेरी नाही, तर मजुरी नाही. सक्ती सर्वांना सारखी, सोय मात्र गावकुसाच्या आतच. ज्याने सक्ती केली, त्यानेच आधी टॉवर उभारायला हवा होता.