रचनाबंधांची भाषा

हैदराबाद, बडोदे, इंदूर येथील आपल्या घरांतून संगणकशास्त्राकडे वळलेली मुले मुलाखतीच्या आदल्या रात्री ‘डिझाइन पॅटर्न’ घोकताना दिसतात. नावे पाठ झाली की विषय संपला, ही त्यांची समजूत आम्हांस मान्य नाही. या कल्पनेचा उगमच मुळी घरबांधणीच्या विद्येत आहे.

ख्रिस्टोफर अलेक्झांडर हे बर्कली येथील वास्तुशिल्पज्ञ. त्यांचा व त्यांच्या सहकाऱ्यांचा ‘अ पॅटर्न लँग्वेज’ हा ग्रंथ १९७७ साली निघाला. त्यात २५३ रचनाबंध आहेत. त्यांतील एक सज्जाविषयी आहे. सहा फुटांपेक्षा अरुंद सज्जा सहसा वापरला जात नाही, कारण दोन-तीन माणसांस तेथे मेजाभोवती पाय पसरून बसता येत नाही, असे तो सांगतो. अडचण, तिचे कारण आणि तोडगा या तिन्ही गोष्टी एकत्र बांधून त्यांस एक नाव द्यावयाचे, हाच रचनाबंध. बाजारातून आणून बसवावयाची तयार चौकट ती नव्हे.

माहिती व तिच्यावरील क्रिया ज्यांत एकत्र नांदतात असे घटक, म्हणजे ऑब्जेक्ट, जुळवून प्रोग्राम उभारण्याची एक पद्धत आहे. केंट बेक व वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९८७ साली अलेक्झांडरांची दृष्टी तिच्याकडे वळविली. पुढे १९९४ साली गॅमा, हेल्म, जॉन्सन व व्लिसिडीस या चौघांनी २३ रचनाबंधांचा प्रसिद्ध ग्रंथ सिद्ध केला.

त्यांतील ‘ऑब्झर्व्हर’ घेऊ. शाळेच्या गुणतक्त्यात एक आकडा दुरुस्त झाला की प्रगतिपुस्तक, वर्गाची सरासरी व आलेख ही सारी बदलावयास हवीत. या तिघांची नावे तक्त्याच्या घटकातच गोवली, तर उद्या पालकांस संदेश धाडणारा चौथा घटक येताच तक्ता पुन्हा उसवावा लागतो. त्यापेक्षा तक्त्याने केवळ एक यादी बाळगावी. ज्यास बदल कळावयास हवा त्याने तीत आपले नाव नोंदवावे, आणि बदल होताच तक्त्याने यादीतील सर्वांस हाक द्यावी. हाक ऐकणारे कोण, याची चौकशी त्याने करू नये. सोय मोठी खरी, पण फुकट नव्हे. यादीतून नाव काढावयाचे राहिले तर निकामी घटक संगणकाची स्मृती अडवून बसतो. शिवाय जेथे निकाल एकदाच छापून मोकळे व्हावयाचे, तेथे हा खटाटोप कशाला? अलंकार पाठ असलेला विद्यार्थी निबंधात ते कसे कोंबतो, हे आम्ही शिक्षक पुरते जाणतो!

या २३ पैकी १६ रचनाबंध लिस्प वा डायलन या भाषांत पुष्कळच सोपे होतात, असे पीटर नॉर्विग यांनी १९९६ साली दाखविले. म्हणजे काही तोडगे त्या त्या प्रोग्रॅमिंग-भाषेच्या उणिवेतून जन्मलेले. आणि एखाद्या प्रकारचा एकच घटक असू देणारा, विद्यार्थ्यांच्या जिभेवर सर्वांत आधी येणारा ‘सिंगलटन’? तो यादीतून वगळावा असे आपले मत खुद्द गॅमा यांनीच २००९ साली एका मुलाखतीत सांगितले.