सायकलच्या हँडलाची उंची

सायकलवरून शाळेस येतांना मनगटें व पाठ दुखूं लागल्यास दोष पुष्कळदां हँडलाच्या उंचीचा असतो.

जुन्या धाटणीच्या सायकलींत हँडलाचा दांडा चिमट्याच्या नळींत उतरलेला असून आंतील पाचरीनें घट्ट बसतो. वरचा बोल्ट दोन-तीन फेरे सैल करून त्यावर लांकडी ठोकळा ठेवून हलकेंच ठोकावें, म्हणजे पाचर सुटते. दांड्यावरील मर्यादेची खूण मात्र नळीबाहेर येऊं देऊं नये; नाहीं तर उतारावर दांडा निखळून प्राणावर बेतेल.

नव्या धाटणींत हँडलाची पकड नळीस बाहेरून आवळलेली असते. तेथें पकडीखालील कड्या काढून वर घातल्या कीं हँडल खालीं येतें.

मालवण किनाऱ्यावरील खाऱ्या हवेंत जुना दांडा नळींतच गंजून बसतो. यास्तव पावसाळ्यापूर्वीं तो काढून, पुसून, ग्रीस लावून ठेवावा.