कोड म्हणजे निदान नव्हे
२००७ साली बाजारात आलेली महिंद्रा-रेनॉची लोगन ही गाडी नाशिकच्या कारखान्यात तयार झाली. तिच्या पेट्रोल इंजिनात ठिणगीची वेळ संगणक ठरवतो. डिस्ट्रिब्युटर फिरवून टायमिंग जुळवायची जुनी सोय तिथे नाही. क्रँक सेन्सर फ्लायव्हीलचे दाते टिपतो आणि त्यावरून पिस्टन कुठे आहे ते संगणकाला कळते. सेन्सरचा हा संकेत तुटला की संगणकात पी ०३३५सारखा दोष-कोड उमटतो. पण कोड सांगतो ते एवढेच, की संकेत नीट पोचला नाही. दोष सेन्सरचा असेल, तसाच उष्णतेने चिरलेल्या वायरचा, गंजलेल्या कनेक्टरचा किंवा सेन्सरच्या टोकाला चिकटलेल्या लोखंडी किसाचाही असू शकेल.

सरळ सेन्सरच बदलावा, वेळ वाचतो, असे कुणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. सेन्सर पुष्कळदा खरोखरच खराब निघतो. तरी कनेक्टर उघडून पुसायला आणि मल्टिमीटरने सेन्सरचा रोध मोजायला काही मिनिटेच लागतात, आणि वायर तुटलेली असेल तर नवा सेन्सर बसवूनही तोच कोड येणार. गाडी तापल्यावरच बंद पडत असेल, तर मोजमापही तापलेल्या इंजिनावरच घ्यावे. थंड सेन्सर निर्दोष भासू शकतो. कोड पुसण्याआधी मात्र तो लिहून ठेवा, आणि बदललेला जुना भाग मेकॅनिककडून आठवणीने मागून घ्या.