माळकरी सासूबाईंसाठी मॅकारॉन

गेल्या दिवाळीत माझी भाची पुण्याहून एक डबा घेऊन आली. आत पेढ्याएवढे, रंगीत, सारण भरलेले सहा मॅकारॉन होते. वरून खुसखुशीत, आतून मऊ. सगळ्यांनी चवीने खाल्ले. सासूबाईंनी मात्र विचारले, "यात अंडं हाय का गं?" भाची "हो" म्हणाली. सासूबाई माळकरी. त्यांनी हातातला मॅकारॉन अलगद डब्यात ठेवला. "खावा तुम्ही," म्हणाल्या. ते मला लागून राहिले.

बेकरीत मिळते ते मॅकरून वेगळे. तुतिकोरिनचे मॅकरून काजू, साखर आणि अंड्याच्या पांढऱ्याचे असतात. फ्रेंच मॅकारॉनमध्ये काजूऐवजी बदाम असतो. दोन चकत्या सारणाने जोडायची रीत पॅरिसमध्ये रूढ झाली. आपल्याकडे पूजा धिंग्रा पॅरिसला शिकून आल्या आणि २०१० मध्ये मुंबईत त्यांनी दुकान काढले, तेव्हापासून हा पदार्थ बऱ्याच जणांना माहीत झाला.

यात अंड्याचे काम एकच, हवा धरून ठेवणे. पांढरा भाग घुसळला की त्यातली प्रथिने हवेच्या बुडबुड्यांभोवती पापुद्रा धरतात आणि साखर त्याला बळकटी देते. काबुली चणे शिजवलेले पाणीही असेच फेसाळते. मग मी त्याच वाटेने गेले.

चणे मीठ न घालता शिजवावेत. पाणी गाळून, अंड्याच्या पांढऱ्याइतके दाट होईपर्यंत आटवावे आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावे. असे ७५ ग्रॅम पाणी लिंबाचे दोन थेंब टाकून विजेच्या घुसळणीने फेटावे. ७० ग्रॅम बारीक साखर थोडी थोडी घालावी. भांडे उपडे केले तरी फेस हलू नये. सोललेले, पूर्ण सुकवलेले १०० ग्रॅम बदाम आणि १०० ग्रॅम पिठीसाखर मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवावी. सलग फिरवले तर बदामाला तेल सुटते. हे चाळून फेसात हलक्या हाताने मिसळावे. पीठ उलथन्यावरून फितीसारखे सलग ओघळले की थांबावे. कमी ढवळले तर चकतीवर शेंडी राहते, जास्त ढवळले तर पीठ पसरते.

पिशवीचे टोक कापून कागदावर चकत्या पाडाव्यात, ट्रे दोनदा आपटावा आणि तासभर वाळू द्यावे. बोट लावल्यावर चिकटता कामा नये. वरची साय अशी वाळली की भट्टीत वाफेला वरून वाट मिळत नाही. चकती उचलली जाते आणि खाली झालरीसारखी कड येते. ही कड म्हणजे मॅकारॉन जमल्याची खूण. कोकणातल्या दमट हवेत साय लवकर धरत नाही. आपली धाराशिवची कोरडी हवा इथे उपयोगी पडते. पावसाळ्यात मात्र हा खटाटोप करू नये.

१३० अंशांवर वीस ते पंचवीस मिनिटे भाजावे. माझा पहिला घाणा चिरला, कारण मी घाई केली. दुसरा भट्टीत असताना वीज गेली. बदामाचा भाव आठवून जीव हळहळला. तिसरा साधला.

सारण ओले असले तर चकत्या गळतात. म्हणून भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीचा खवा थोड्या लोण्यात आणि वेलदोड्यात मळून भरला. भरल्यावर एक दिवस फ्रिजमध्ये ठेवावे. सारणाचा ओलावा मुरून आतला भाग मऊ होतो.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंपुढे बशी ठेवली. "चण्याच्या पाण्याचं आहे, आई," म्हटले. त्यांनी एक खाल्ला, मग दुसरा उचलला.

"वरचं काय ते तुमचं," म्हणाल्या, "आतला खवा मातर आपल्याकडचा हाय!"

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)