नव्या प्रोसेसरवर फ्रीआरटीओएस

रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम नव्या प्रोसेसरवर न्यायची म्हणजे सगळं पुन्हा लिहायचं? अजिबात नाही! फ्रीआरटीओएसचा बहुतेक कोड साध्या सी भाषेत आहे. बदलायचं मुख्यतः एवढंच:

🔹 टास्कचा पहिला स्टॅक मांडणं
🔹 टाइमरची टिक
🔹 कॉन्टेक्स्ट स्विच, म्हणजे एका टास्कवरून दुसऱ्या टास्कवर जाणं

खरी कसोटी तिसऱ्यात. इंटरप्ट आला की आर्म कॉर्टेक्स-एम आठ रजिस्टर स्वतःहून स्टॅकवर ठेवतो. रिस्क-फाइव्ह एकही ठेवत नाही; ते काम असेंब्लीत आपणच लिहायचं. एक जरी सुटलं, तरी चांगली चाललेली टास्क मध्येच कोलमडते.

आयआयटी मद्रासचा 'शक्ती' आणि सी-डॅकचा 'वेगा' हे प्रोसेसर रिस्क-फाइव्हवरच आधारलेले आहेत. झाशीतल्या इंजिनीअरिंगच्या मुलांनो, बोर्ड विकत न घेताही क्यूईएमयू या एम्युलेटरवर हे पोर्टिंग करून बघता येतं. फ्रीआरटीओएसची 'पोर्ट.सी' फाइल उघडा, तिथूनच सुरुवात करा!